तीनशे वर्षांची राखण : अणुकेंद्रांतील किरणोत्सर्गी अवशेष आणि त्यांचे नियमन



पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूर येथे पोर्तुगीजांचा किल्ला आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ च्या जानेवारीत, मराठ्यांनी तो जिंकून घेतला. त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पुढे मराठ्यांचा अंमल जाऊन इंग्रजांचा आला, मुंबई इलाखा झाला, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा स्वतंत्र जिल्हा निघाला. किल्ला पडल्याला अद्याप पुरती तीनशे वर्षे झालेली नाहीत. एवढ्या अवधीत त्या गावाचे धनी इतक्या वेळा बदलले.

याच तारापूरच्या नावाने ओळखले जाणारे देशातील पहिले अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून नियमित वीज देऊ लागले. अशा केंद्रातून वीज निघते तसे अवशेषही निघतात, आणि त्यांतील फार मोठ्या भागाचे रक्षण सुमारे तीनशे वर्षे करावयाचे असते. हा आकडा कोठून आला, हे रक्षण कोण व कोणत्या नियमांनी करतो, आणि केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या गावाचा त्यात हक्क कोणता, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

किरणोत्सर्गी पदार्थ इतर विषारी पदार्थांहून एका बाबतीत वेगळा असतो. शिसे किंवा आर्सेनिक जमिनीत गेले, तर ते हजार वर्षांनीही शिसे व आर्सेनिकच राहते. किरणोत्सर्गी द्रव्य मात्र स्वतःहून क्षीण होत जाते. ज्या कालावधीत ते निम्मे उरते त्याला त्याचे अर्धायुष्य म्हणतात. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे, कोबाल्ट-६० चे सुमारे सव्वापाच वर्षांचे, सीझियम-१३७ चे ३० वर्षांचे, स्ट्रॉन्शियम-९० चे २९ वर्षांचे, तर प्लुटोनियम-२३९ चे २४ हजार वर्षांहून थोडे अधिक. शिक्षकांना वर्गात सहज करून दाखविता येईल असा हा हिशेब आहे : एक या संख्येचे दहा वेळा निम्मे केले की उत्तर एक हजार चोविसावा भाग येते. म्हणजे सीझियम वा स्ट्रॉन्शियम यांसारखे द्रव्य दहा अर्धायुष्ये, अर्थात तीनशे वर्षे, बंदिस्त ठेवले तर त्याचा जोर मूळच्या हजाराव्या हिश्शावर येतो. तीनशे वर्षांचा आकडा येथून आला. प्लुटोनियमला व त्याच्या जातीच्या इतर द्रव्यांना मात्र हा हिशेब लागू पडत नाही. त्यांचा विचार निराळा करावा लागतो.

अणुकेंद्रातील कचरा म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे काहीतरी प्रकाशमान आणि भयंकर वस्तू उभी राहते. प्रत्यक्षात आकारमानाने सर्वांत मोठा भाग अगदी साध्या वस्तूंचा असतो : कामगारांचे हातमोजे, फरशी पुसण्याचे बोळे, हवा गाळणाऱ्या गाळण्या, जुने नळ व झडपा, पाणी शुद्ध करणारी राळ, आणि कामाचे कपडे धुणाऱ्या धुलाईघरातील पाणी. यांतील किरणोत्सर्ग अल्प असतो. पण ‘अल्प’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे, आणि अल्प असल्याची खात्री मोजूनच करावी लागते. याच्या उलट टोकाला वापरून झालेले इंधन असते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत वापरले जाते तशा समृद्ध युरेनियमच्या इंधनात, भट्टीतून बाहेर काढल्यावर, भंजनातून निर्माण झालेली द्रव्ये सुमारे तीन टक्केच असतात. परंतु कचऱ्यातील बहुतेक सर्व किरणोत्सर्ग या मूठभर भागात एकवटलेला असतो. अवशेषांच्या व्यवस्थेचे सारे धोरण आकारमान आणि तीव्रता यांच्या या व्यस्त प्रमाणावर उभे आहे.

अल्पजीवी द्रव्यांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे थांबणे. आयोडीन-१३१ असलेले पाणी टाकीत तीन महिने राखून ठेवले, तर त्यातील आयोडीन जवळजवळ संपते. दीर्घजीवी द्रव्ये पाण्यात असतील तर ती रासायनिक क्रियेने साक्याच्या रूपात खाली बसविणे, राळेवर पकडणे किंवा पाणी आटवून मागे उरलेला अर्क सिमेंटमध्ये घट्ट करणे, असे मार्ग आहेत. मूळ दूषित पाणी पुष्कळ असते. पकडलेला साका थोडा असतो. तो कोंडून ठेवावयाचा, आणि उरलेले जवळजवळ स्वच्छ पाणी तपासून, ठरलेल्या मर्यादेत आहे याची नोंद झाल्यावरच समुद्रात सोडावयाचे. या ‘तपासून’ शब्दाला महत्त्व आहे. टाकीतील पाण्याचा नमुना घेऊन त्याचे मापन झाल्याशिवाय टाकीची झडप उघडता येत नाही.

घन कचरा दाबून वा जाळून त्याचे आकारमान कमी करतात. जाळताना धूर गाळण्यांतून जातो आणि राख सिमेंटमध्ये बसविली जाते. मग तो केंद्राच्याच आवारात, जमिनीलगतच्या कोठारांत पुरला जातो. कोठाराचा प्रकार कचऱ्याच्या तीव्रतेवर ठरतो. पृष्ठभागावर तासाला २ मिलिग्रेपर्यंत मात्रा असलेला कचरा सर्वांत सौम्य वर्गात, २ ते २० पर्यंतचा मधल्या वर्गात आणि त्यावरचा तीव्र वर्गात धरला जातो. सौम्य कचऱ्याला दगडांनी बांधलेले चर पुरतात. त्याहून जोरकस कचऱ्यासाठी लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचे चर बांधतात. सर्वांत जोरकस घन कचरा जमिनीत उभ्या पुरलेल्या, आतून पोलादाचे व काँक्रीटचे अस्तर असलेल्या, सुमारे चार मीटर खोल नळकांड्यांत उतरवून वरून काँक्रीटने बंद केला जातो. पाणी आत शिरू नये हा साऱ्या रचनेचा हेतू, कारण कोंडलेली द्रव्ये बाहेर काढू शकणारे मुख्य वाहन पाणीच आहे. ज्यांच्या शेतातील विहिरीला कातळातील फटीतून झरा येतो, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. म्हणून कोठाराभोवती निरीक्षणासाठी बोअर विहिरी खणून त्यांचे पाणी वेळोवेळी तपासले जाते. पाण्यात काही आढळले तर गळती कोठारातून आहे, हे वस्तीतील विहिरीपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी कळावे, असा हिशेब.

आता त्या तीन टक्क्यांकडे वळावयास हवे. भारताने आरंभापासून वापरलेले इंधन कचरा न मानता त्यातील युरेनियम व प्लुटोनियम पुन्हा काढून घेण्याचे धोरण ठेवले आहे. तुर्भे येथील पहिला पुनःप्रक्रिया कारखाना १९६० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. नंतर तारापूर व कल्पक्कम येथेही असे कारखाने उभे राहिले. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या इंधनाचा इतिहास मात्र वेगळा. १९६३ च्या करारान्वये ते इंधन अमेरिकेकडून आले. १९७४ च्या अणुस्फोट चाचणीनंतर इंधनाचा पुरवठा आणि त्यावरील पुनःप्रक्रिया हे दोन्ही विषय दोन राष्ट्रांच्या वादात अडकले. आपल्या संमतीवाचून त्यावर पुनःप्रक्रिया होऊ नये, असे अमेरिकेचे म्हणणे होते. परिणामी ते वापरलेले इंधन वर्षानुवर्षे पाण्याच्या तलावांत साठून राहिले, आणि त्यासाठी जादा साठवणगृह बांधावे लागले. कचऱ्याची व्यवस्था केवळ अभियंत्यांच्या हाती नसते, हे या उदाहरणावरून कळते.

पुनःप्रक्रियेनंतर मागे राहणारा द्रव अत्यंत तीव्र असतो. तो स्वतःच्या किरणोत्सर्गाने तापतो, म्हणून पोलादी टाक्यांत सतत थंड ठेवावा लागतो. परंतु टाकी ही तात्पुरती सोय. द्रव पदार्थाचा स्वभाव वाहण्याचा आहे आणि टाकी केव्हातरी गंजते. म्हणून त्या द्रवाला काचेत बंद करण्याची रीत जगभर स्वीकारली गेली. वाळूतील सिलिका, बोरॉन, सोडियम इत्यादींच्या मिश्रणात तो द्रव मिसळून सुमारे एक हजार अंश तापमानाला वितळवितात आणि तो रस पोलादी डब्यांत ओततात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाटलीत औषध असते तसे हे द्रव्य काचेच्या आत ‘भरलेले’ नसते. ते काचेच्या घडणीचाच भाग बनते. काच फुटली तरी द्रव सांडत नाही, तुकडे होतात. तारापूर येथे असा कारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला. पुढे २००२ मध्ये तुर्भे येथे असा कारखाना आला आणि नंतर पुन्हा तारापूर येथे विजेच्या प्रवाहाने काच वितळविणारी नवी भट्टी आली. तुर्भेच्या जुन्या द्रवात गंधकाचे क्षार अधिक होते व नेहमीच्या काचेत ते सामावत नव्हते, म्हणून तेथे बेरियम घातलेली वेगळी काच योजावी लागली. कचऱ्याची घडण कारखान्यागणिक बदलते आणि त्याप्रमाणे काचही बदलावी लागते. परदेशी तंत्र जसेच्या तसे उचलून चालत नाही, हे या क्षेत्रातील भारतीय रसायनज्ञांनी फार लवकर ओळखले, आणि त्याचे श्रेय त्यांना मिळावयास हवे.

हे डबे झाळून बंद केल्यावर तारापूर येथील साठवणगृहात ठेवले जातात. तेथे हवा खालून आत शिरते, डब्यांच्या उष्णतेने तापून वर चढते आणि उंच चिमणीतून निघून जाते. पंखा नाही, पंप नाही, म्हणून वीज गेल्यावर थांबण्यासारखेही काही नाही. काही दशके हे डबे येथे निवत ठेवावयाचे आणि मग खोल खडकात कायमचे ठेवावयाचे, अशी योजना आहे. अलीकडे तुर्भे येथे याच द्रवातून सीझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनविल्या जातात. त्या रक्तपेढ्यांतील रक्तावर किरणांचा संस्कार करणाऱ्या यंत्रांत वापरतात. कचऱ्यातून उपयुक्त वस्तू निघाली, हे खरेच. पण या उदाहरणाचा प्रचारासाठी होतो तेवढा बोभाटा करण्याचे कारण नाही, कारण कचऱ्याचा प्रश्न त्याने संपत नाही, थोडा हलका होतो.

खोल खडकातील कायमच्या जागेचा शोध भारताने हाती घेतला होता. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे एक हजार मीटर खोलीवर, तापलेल्या डब्याभोवती खडक कसा वागतो हे पाहण्याचे प्रयोग झाले. अंतिम जागा अद्याप ठरलेली नाही. पुनःप्रक्रियेमुळे काचेचे डबे थोडे आहेत, त्यामुळे घाई नाही, असे अणुऊर्जा विभागाचे म्हणणे राहिले आहे. ते तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय आहे. परंतु जागा निवडण्यास लागणारा काळ खडकाच्या परीक्षेपेक्षा लोकांच्या संमतीला अधिक लागतो, आणि या बाबतीत फिनलंडचा अनुभव पंचायत सदस्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे.

फिनलंडच्या अणुऊर्जा कायद्यात, जेथे असे कोठार व्हावयाचे त्या स्थानिक नगरपालिकेची संमती बंधनकारक आहे. तिने नकार दिला तर सरकारलाही पुढे जाता येत नाही. युराजोकी या नगरपालिकेच्या सभेने जानेवारी २००० मध्ये २० विरुद्ध ७ मतांनी संमती दिली. त्यानंतर मे २००१ मध्ये त्या देशाच्या संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी तत्त्वतः मान्यता दिली. ओल्किलुओटो बेटावर, सुमारे ४३० मीटर खोल, पावणेदोनशे कोटी वर्षांहून जुन्या खडकात तांब्याच्या डब्यांतून वापरलेले इंधन ठेवण्यासाठी बोगदे खणले गेले. युराजोकीच्या लोकांनी होकार दिला तो भोळेपणाने नव्हे. त्या नगरपालिकेच्या हद्दीत १९७० च्या दशकापासून अणुवीज केंद्र होते, तेथे लोक कामाला जात होते, आणि नकार देण्याचा अधिकार आपल्या हाती आहे हे त्यांना ठाऊक होते. ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्या ‘होय’ला वजन असते. भारतात ग्रामसभेला या बाबतीत असा नकाराधिकार नाही.

भारतातील नियमांची चौकट अशी उभी राहिली. अणुऊर्जा अधिनियम १९६२ मध्ये आला. त्याखाली १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. १९८७ मध्ये किरणोत्सर्गी अवशेषांच्या सुरक्षित विल्हेवाटीचे स्वतंत्र नियम प्रसिद्ध झाले आणि २००४ मध्ये किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम सुधारून आले. १९८७ च्या नियमांचे मर्म थोडक्यात असे : सक्षम प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र घेतल्याशिवाय कोणालाही किरणोत्सर्गी अवशेषांची विल्हेवाट लावता येणार नाही. अधिकारपत्र मागणाऱ्याने अवशेष कोणत्या प्रक्रियेतून व किती निघणार, जागेचा भूस्तर व भोवतालची परिस्थिती कशी आहे, हे आधी सांगावयाचे. आणि अधिकारपत्र मिळाल्यावर जे काही पुरले वा सोडले त्याची नोंद ठेवावयाची व ती प्राधिकाऱ्याकडे पाठवावयाची.

मर्यादा ठरविण्याची रीत मोठी तर्कशुद्ध आहे. समुद्रात अमुक इतके सोडावे असा आकडा वरून उतरत नाही. हिशेब माणसापासून उलटा सुरू होतो. केंद्राच्या कारणाने जनतेपैकी कोणाही व्यक्तीला वर्षाकाठी १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळता कामा नये, ही मर्यादा. माणसाला निसर्गातूनच, जमिनीतून, हवेतून व आकाशातून, जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात, हे तुलनेसाठी ध्यानात असावे. मग सर्वांत अधिक मात्रा मिळण्याचा संभव कोणाला, याचा शोध घ्यावयाचा. किनाऱ्यावर तो बहुधा मच्छीमाराच्या घरात लागतो. ते घर वर्षाला किती मासळी खाते, कोणती खाते, मासळी पाण्यातील सीझियम किती पट साठविते, हे मोजून उलट गणिताने समुद्रात सोडावयाच्या प्रमाणाची कमाल पातळी ठरते. त्यातही एका आवारातील सर्व भट्ट्या व कारखाने मिळून मर्यादा एकच, आणि ती त्यांच्यात वाटून द्यावयाची. हे सर्व तपासण्यासाठी प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती केंद्र सुरू होण्यापूर्वीच स्थापन केली जाते, म्हणजे पुढील मोजमापांना तुलनेसाठी आधीची पातळी उपलब्ध राहते. पाणी, दूध, भाजी, धान्य, मासळी, गवत व माती यांचे नमुने ती नियमित घेते.

चौकट चांगली आहे. तिच्यातील फटीही सांगितल्या पाहिजेत. २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रकल्प नियामक मंडळाच्या कक्षेतून काढून त्या केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे सोपविण्यात आले. तारापूर येथील पुनःप्रक्रिया व काचीकरणाचे कारखाने त्याच केंद्राचे. म्हणजे वीजकेंद्रातील हातमोज्यांवर ज्या मंडळाची नजर, त्याची नजर सर्वांत तीव्र अवशेषांपाशी थांबली. तेथील शास्त्रज्ञांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तपासणारा आणि तपासला जाणारा यांची चूल वेगळी असावी, हे तत्त्व ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षणालाही लागू असते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ च्या अहवालात मंडळाच्या दुय्यम दर्जावर बोट ठेवले. देशातील एकाही अणुवीज केंद्राची, तीस वर्षे चालून झालेल्यांचीही, मोडणीची योजना तयार नव्हती, असे त्या अहवालाने नोंदविले. किरणोत्सर्गी उपकरणांची संपूर्ण यादी मंडळाजवळ नव्हती, हेही नोंदविले. मोडणीच्या खर्चासाठी विजेच्या प्रत्येक युनिटमागे २ पैसे गोळा होत होते आणि तो दर बराच काळ कोणी तपासलेला नव्हता. स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचे विधेयक २०११ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते संमत न होताच २०१४ मध्ये ती लोकसभा संपली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद करण्यात आली.

यादी नसली तर काय होते, ते दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एप्रिल २०१० मध्ये दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अनेक वर्षे वापराविना पडलेले कोबाल्ट-६० चे एक यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. ते फोडणाऱ्यांना आत काय आहे याची कल्पना नव्हती. अनेकजण आजारी पडले व एका कामगाराचा मृत्यू झाला. कोणतीही भट्टी फुटली नव्हती, कोठेही गळती झालेली नव्हती. यंत्र आणले तेव्हाची माहिती ते विकले गेले तेव्हाच्या माणसांपर्यंत पोहोचली नाही, एवढेच घडले होते.

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेलाफील्ड येथे हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. शस्त्रास्त्रांसाठी प्लुटोनियम काढण्याच्या घाईत १९५० व १९६० च्या दशकांत तेथे तलाव व काँक्रीटच्या कोठ्या बांधल्या गेल्या. कचरा वरून आत टाकण्याची सोय होती. बाहेर काढण्याची नव्हती. आत काय व किती टाकले याच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या. त्याच काळात इंग्लंड सौम्य कचऱ्याची पिंपे अटलांटिक महासागरात बुडवीत होते. ते १९८२ पर्यंत चालले, आणि १९९३ मध्ये अशा समुद्रविसर्जनावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. सेलाफील्डच्या एका जुन्या कोठीतील कचरा यंत्राच्या पंजाने बाहेर काढण्यास २०२२ मध्ये आरंभ झाला, आणि संपूर्ण आवाराच्या सफाईचे वेळापत्रक सुमारे २१२५ सालापर्यंत जाते. कचरा निर्माण करणाऱ्या पिढीने वाचविलेले श्रम तिच्या पणतवंडांच्या वाट्याला आले आहेत.

म्हणून नोंदींचा प्रश्न दुय्यम मानू नये. महाराष्ट्राला जुन्या दप्तराचा अनुभव आहे. पेशवे दप्तरातील कागद दोन-अडीचशे वर्षे टिकले, वसई मोहिमेची पत्रे आजही उपलब्ध आहेत. पण ती मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कागद टिकला तरी अक्षर लागत नाही. संगणकातील नोंदींचे तर वीस वर्षांतच असे होते. तीनशे वर्षे राखावयाच्या चरांचे नकाशे कोणत्या कागदावर, कोणत्या भाषांत व किती ठिकाणी ठेवावयाचे, हा प्रश्न त्या चरांच्या काँक्रीटइतकाच तांत्रिक आहे. केंद्राच्या आवारात एक प्रत असते. ती पुरेशी नाही. जिल्ह्याच्या दप्तरात, मराठीत, एक प्रत असावयास हवी.

शेजारच्या गावांनी यात काय करावे? तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. त्या परिसरातील लोकांची प्रकल्पाशी पहिली ओळख विस्थापनाची आहे आणि विश्वास तेथूनच मागे राहिला आहे. तो व्याख्यानांनी भरून येणार नाही. पण काही गोष्टी पंचायतीच्या आवाक्यात निश्चित आहेत. पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेच्या मोजमापांचा वार्षिक गोषवारा ग्रामसभेपुढे वाचला जावा, अशी मागणी करता येते. गावातील नमुने कोणत्या विहिरीचे व कोणत्या गोठ्याचे घेतले, हे विचारता येते, आणि मच्छीमारांचा आहार गेल्या काही दशकांत बदलला असेल तर मर्यादेच्या गणितात तो बदल धरला आहे का, हेही विचारता येते. केंद्राबाहेरील आणीबाणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि तिची तालीम ठरावीक काळाने होते. त्या तालमीत शाळा कोठे न्यावयाची, बोटीवर गेलेल्यांना कोण कळविणार, हे शिक्षकांना व सरपंचांना तोंडपाठ हवे. तालीम झाल्यावर काय चुकले याचे टिपण पंचायतीने स्वतः लिहून ठेवावे.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अर्धशतक ओलांडून गेल्या आहेत. त्या केव्हातरी कायमच्या थांबतील, आणि तेव्हा भट्टीची भांडी, नळ व भोवतालचे काँक्रीट हेच अवशेष ठरतील. वीज मिळणे संपल्यावर सुरू होणारे ते काम काही दशकांचे असेल. त्या वेळी कोणते साहित्य कोठे जाणार, त्यासाठी आवारात जागा किती राखली आहे व किती पैसा साठला आहे, हे आकडे भट्ट्या थांबण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या सभेपुढे यावेत.